अर्धं केळं राणीला

आठवडाभर तुळिंजच्या लॅबमध्ये लोकांच्या पोटातलं मायक्रोस्कोपखाली बघायचं, म्हणून रविवारी तरी समुद्र बघू असं ठरवलं. मैत्रिणीचे वडील, कमळाकरकाका, भुईगावात वाडी करतात. तिकडे जाणार असाल तर निर्मळवरून सकाळी लवकर जा. अरुंद गल्लीत समोरून टेम्पो आला की स्कूटर मागे ढकलत बसावं लागतं. वाटेतल्या बेकरीत गरम पाव मिळाले, तेवढंच काय ते सुख!

वाडीत शिरताच पिंजऱ्यात राणी दिसली. हिची आई विजेच्या तारेला चिकटून मेली, तेव्हा काकांनी हे माकडाचं पिल्लू घरी आणलं. आता तिच्या बरगड्या दिसत होत्या. काकांची चार वर्षांची नात स्वरा गजाशी बसून एकच केळं खात होती, एक घास तिला, एक स्वतःला.

"पोरीचं पोट सारखं दुखतं गं," काकू म्हणाल्या. "दृष्ट काढली, ओवा दिला, काही फरक नाही."

काका पिंजरा धूत होते. घाण पाणी पाटात, पाटातून थेट पानवेलीच्या मुळाशी. वाडीत थेंबही वाया घालवायचा नाही, ही इथली रीतच. मी वाकून पिंजऱ्याच्या तळाशी पाहिलं.

"अहो काका, हिला जुलाब होतायत! डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं की वनखात्याला कळणार. माकड पाळायला बंदी आहे. नेतील तिला."

मी जाम चिडले. राणी आणि स्वरा, दोघींच्या शौचाचे नमुने दोन डब्यांत घेतले आणि तशीच परत फिरले. समुद्र पाच मिनिटांवर होता, पण बघायची इच्छाच उरली नाही.

सोमवारी दोन्ही काचांवर सारखीच दिसणारी जंतांची अंडी सापडली. काकांना फोन करून सांगितलं, ही मातीत कितीतरी आठवडे टिकतात, मग हातावरून, न धुतलेल्या पानावरून पोटात जातात.

"म्हणजे राणीनं दिले पोरीला?"

"नक्की नाही सांगता येत, काका. आपल्याकडूनही तिला गेले असतील."

डॉक्टरांनी स्वराला औषध सुरू केलं आणि वनखात्याला काकांनी स्वतःच कळवलं.

रविवारी निघताना त्यांनी दिलेली विड्याच्या पानांची जुडी माझ्या फ्रीजमध्ये पडून आहे. खाववत नाही, टाकवतही नाही. मी बरोबरच वागले, तरी फार वाईट वाटतं.

काल काकांचा फोन आला. "नेलं गं राणीला. गाडीत केळं दिलं, तर अर्धं खाल्लं आणि उरलेलं जाळीतून स्वराकडे धरलं. पोरीनं हात पुढे केला. मी मागे ओढला."