दोन दिवस नुसतं बसा

नवा रायपुरातल्या आमच्या मॅनेजमेंट कॉलेजात मी ग्रंथपाल. प्रबंध ठेवायला माझ्याकडे कपाटं आहेत, किश्शांना मात्र जागा नाही. म्हणून ते चहाच्या वेळी असे बाहेर पडतात. त्यातले निम्मे रिसर्च शिकवणाऱ्या आमच्या बोरकर मॅडमचे.

मॅडमचा नियम एकच. ज्यांच्यावर रिसर्च करायचा, त्यांच्याजवळ आधी दोन दिवस नुसतं बसायचं. फॉर्म तिसऱ्या दिवशी. एका पोट्ट्याने सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या सगळ्या सुपरवायझरांचे फॉर्म एकाच दुपारी भरून आणले. मॅडमनी ते चाळले आणि विचारलं, "काहून रे, साऱ्या कारखान्यात एकच पेन हाय काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो सिलतऱ्याला जाऊन बसला.

*

तिथल्या मॅनेजरने त्याला दोन दिवस गेटाशी पाहिलं, आत बोलावलं, गप्पा मारल्या आणि चक्क नोकरी देऊ केली. हा म्हणतो, "सर, पहले फॉर्म भर दीजिए. नहीं तो मैडम जॉइन नहीं करने देंगी."

आज तो तिथेच मोठ्या हुद्द्यावर आहे.

*

एकदा मॅडम माझ्या लायब्ररीतच दोन दिवस बसल्या. मी धास्तावलो. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "भाऊ, पोट्टे एसीसाठी येऊन राहिले. तुम्ही कपाटंच एसीखाली आणा न."

कुरकुरत आणली. त्या उन्हाळ्यात पुस्तकं द्यायला माझे हात पुरेनात.

*

आणि आमची खिलेश्वरी. घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. पीएचडीचा विषय, गोल बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा का येतं. शेवटची तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, आणि ज्यांना प्रश्न विचारले त्यांनाही बोलवायचं, हा मॅडमचा हट्ट. नऊ दुकानदार गाडी करून आले.

बाहेरगावच्या परीक्षकांनी रीत म्हणून विचारलं, "किसी का कोई सवाल?" सगळ्यात वयस्कर दुकानदार उठले.

"बेटी ने लिखा है, ग्राहक दाम देखकर नहीं आता. मैंने तो फॉर्म में दाम ही लिखवाया था. ये गलत है."

मला वाटलं, संपलं. पाच वर्षांची मेहनत!

खिलेश्वरी त्यांच्याकडे वळली. "कका, लिखवाया आपने दाम ही था. पर उसके पहले मैं दो दिन बैठी थी. जो भी आया, आपने पहले पूछा, बिटिया ससुराल में ठीक है? दाम तो लोग बर्तन बँध जाने के बाद पूछते थे."

म्हातारबाबांनी मान डोलावली. मग "हव," म्हणाले आणि खाली बसले.

परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "मुझे भी यही पूछना था."