दुसऱ्या गल्लीचं मीठ

वरणाला लसणाची फोडणी पडली की वास वरच्या गल्लीभर पसरतो. यंदाच्या भंडाऱ्यात पंगतीला बसलोय, तो वास आलाय आणि भूक लागायची सोडून मी खालच्या गल्लीकडे बघत बसलोय. माजलगावच्या धरणाजवळचं आमचं गाव. त्याच्या दोन गल्ल्या, भंडाऱ्याला दोन चुली, दोन कढया. एकीचं वरण तिखटजाळ, दुसरीचं गुळमट. मीठ मात्र समोरच्या गल्लीनं आणायचं. आपल्या वरणात आपलं मीठ टाकायचं नाही. हा रिवाज कुणी पाडला, देव जाणे.

आमच्या कढईचं मीठ आणायचे ते खालच्या गल्लीतले आमचे नागरिकशास्त्राचे सर. पितळी वाटी, वर रुमाल. संघराज्याचा धडा आला की पुस्तक मिटून म्हणायचे, "समद्यांची एकच कढई केली तर भांडणं. निस्त्या येगळ्या चुली मांडल्या तर फाटाफूट. मदी मीठ लागतंय बाबांनो." परीक्षेत मी नेमकं तेच लिहिलं. "पुस्तकातलं लिवायला काय झालतं बे?" असं खेकसून त्यांनी पूर्ण गुण दिले.

पुढे आरक्षणावरून गावात दोन तट पडले. खालच्या गल्लीच्या हॉटेलातला चहा आम्ही सोडला, आमच्या गिरणीत त्यांचं दळण येईना. तरी गेल्या वर्षी थकलेले सर वाटी घेऊन आलेच. कढईपाशी माझा चुलतभाऊ होता. "सर, तुमी बसा, जेवा. पर मीठ ऱ्हाऊ द्या." सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन वाटी घ्यायला हवी होती. मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो. भेकडपणाच तो, दुसरं काय.

गंमत अशी, की मीठ परतवणाऱ्या आमच्या लोकांना आपलं मीठ टाकायचाही धीर झाला नाही. अख्खी गल्ली अळणी वरण जेवली. संध्याकाळी माफी मागायला गेलो, तर सरांचा चेहरा उजळलेला. "तुमचं मीठ आलं न्हाई, तर आमच्याकडं बी आळणीच खाल्लं. म्हंजे तुटलं न्हाई अजून. पुढल्या साली आमच्या कढईची वाटी तू उचल." मी हो म्हणालो.

दिवाळीनंतर सर गेले. आज सकाळी मी वाटी भरली, वर रुमाल घातला, खालच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. कुणी अडवलं नाही, कुणी हाकही मारली नाही. मीच मागे वळलो.

आता पानात वरण आलंय. मीठ अगदी बेताचं, आमचंच. शेजारी भुरके मारताहेत. गेल्या वर्षी आम्ही भांडलो होतो, पण एकमेकांची जागा रिकामी ठेवून भांडलो होतो. यंदा ती आम्हीच भरून टाकली, आणि खोटं कशाला बोलू, वरण चवदार झालंय.