थोरलीचा कुंचा आणि कोळ्यांचं बिऱ्हाड

थोरली स्वभावानं तोंडाळ, पण मनानं लोण्याहून मऊ. उंच इमारतीच्या काचा पुसता पुसता केस पिकले, तरी कोळी मारायला तिचा हात कधी उठला नाही. खालच्या मजल्यांवरची जाळी कुंच्याला गुंडाळून ती गच्चीवर न्यायची, कठड्यापाशी हलकेच झटकायची आणि म्हणायची, "जा बाबांनो, सुखात राहा."

गच्चीखालचा सगळ्यात वरचा मजला तिच्या धाकट्या जावेकडे होता. तिथल्या काचांवर मात्र रोज सकाळी नवी जाळी. मॅनेजरनं दोघींना झापलं, तेव्हा थोरली रागाच्या भरात बोलून बसली, "ही नुसता फडका फिरवते, साहेब. काढा हिला." धाकटीनं त्या दिवसापासून अबोला धरला. आठवड्यानं मॅनेजर धाकटीकडे बोट दाखवत म्हणाला, "उद्या एकही जाळं दिसलं, तर हिला घरी बसवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली कुंचा घेऊनच, धाकटीची कामचुकारी वरून पकडायला गच्चीवर चढली आणि बघतच राहिली. कठड्यावर खसखशीएवढी कोळ्यांची पोरं! एकेक जण चवड्यांवर उभं राहायचं, ढुंगण वर करायचं, हवेत धागा सोडायचं. वाऱ्याची झुळूक आली की धाग्यासकट भुर्र! एक रस्त्यापलीकडे गेलं, एक थोरलीच्या नाकावर उतरलं. तिला हसू आवरेना. ती स्वतःच चवड्यांवर उभी राहून हात पसरून झुलू लागली.

पण बाकीची पोरं वाऱ्यानं वळून थेट खाली धाकटीच्या काचांवर बसत होती. आणि निघत होती कुठून? तिनंच झटकलेल्या जाळ्यांतल्या, अंड्यांच्या पांढऱ्या कोशांतून. थोरलीनं पसरलेले हात खाली घेतले.

तेवढ्यात मॅनेजर धाकटीला घेऊन वर आला. "हिच्या काचांवर पुन्हा जाळी. आज हिचा शेवटचा दिवस."

"तिचा नाही, माझा," थोरली म्हणाली. "ही बिचारी रोज घासते, आणि मी वरून रोज नवे भाडेकरू सोडते. बघा."

मॅनेजर वाकला. एक भाडेकरू त्याच्या चष्म्यावर उतरला. मॅनेजर असा काही नाचला, की धाकटीला हसू फुटलं ते थांबेचना. थोरलीही हसली, डोळे पुसत.

मग धाकटीनं तिच्या हातातून कुंचा काढून घेतला. "साहेब, कोणी कुठं जात नाही. हा कुंचा आता मी लांब झाडीत झटकीन. आणि जाऊबाई, वरच्या काचा उद्यापासून तुमच्या." मॅनेजरनं चष्मा पुसत मान डोलावली.

"पुसते गं बाई, सगळ्या पुसते," थोरली म्हणाली. इतक्या दिवसांनी धाकटीनं तिला पुन्हा जाऊबाई म्हटलं होतं.