गोंधळी, वासुदेव आणि वैतागलेला बाप

भूम गावात मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात लोकांची चित्रं करून देतो. बहुतेक गेलेल्या माणसांची, फोटोवरून. फोटोतलं माणूस हलत नाही की भांडत नाही, त्याला तहानही लागत नाही. हे सुख किती मोठं आहे, ते स्वतःच्या लेकरांना समोर बसवल्यावर कळलं.

स्नेहसंमेलनात थोरली लेक गोंधळी झाली होती आणि धाकटा वासुदेव. बायकोनं जुन्या साड्यांचे दोघांना झगे शिवले होते. लेकीच्या गळ्यात कवड्यांची माळ, पोराच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी. दोघं इतकी गोड दिसली की मी ठरवलं, यांचं मोठं तैलचित्र करायचं, तेही समोर बसवून.

"मोबाईलवर फोटो काढा आन त्यावरनं करा की," बायको म्हणाली.

"आपल्या लेकरांचं चित्र फोटोवरून करू?" मी तोऱ्यात म्हणालो.

पहिल्याच रविवारी तोरा उतरला. पुढं कोण उभं राहणार, यावरून जुंपली. कसंबसं दोघांना शेजारी बसवलं, तर पोरगं टोपीतलं मोरपीस उपटून बहिणीच्या कानात घालायला लागलं. तिनं माळ ओढली. कवड्या घरभर झाल्या. त्या गोळा करून ओवेपर्यंत खिडकीतलं ऊन सरकलं आणि तेवढ्यात वासुदेवाला शी लागली.

पुढच्या रविवारी रंग कालवून मी पाणी प्यायला आत गेलो. परत येतो तर पोराच्या ओठावर जाड काळ्या मिशा. माझ्याच तैलरंगाच्या!

"वासुदेवाला मिशा असत्यात," तो म्हणाला.

बायको खोबरेल तेलानं त्याचं तोंड पुसत बसली. तो बोंबलत होता, लेक हसून लोळत होती. मी कुंचले आपटले. "बसू नका! करतच न्हाय चित्र!" असं ओरडलो. दोघं लगेच झगे काढून खेळायला पळाली. कुणाला काही वाटलं नाही, म्हणून मला आणखी राग आला.

मग मी स्नेहसंमेलनातल्या फोटोवरून चित्र पुरं केलं. दोन्ही चेहऱ्यांवर मंद हसू काढलं, झग्याच्या चुण्या नीट बसवल्या. बायकोला दाखवलं.

"छान झालंय," ती म्हणाली. "पर ही लेकरं कुणाची?"

लेक तर सरळ म्हणाली, "पप्पा, आमी असं कधी बसतो व्हय?"

रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठून दोन्ही चेहरे खरवडून काढले. लेकरांना हाक मारली आणि म्हणालो, "बसा. हलायचं तर हला, भांडायचं तर भांडा." ती भांडलीच. मी चिडत, दात खात, हात चालवत राहिलो. लेकीच्या कपाळावर आठी आली, पोराचा ओठ पुढं आला, टोपी वाकडी झाली. जसं दिसलं तसं रंगवत गेलो.

माकणीहून सासरे आले तेव्हा चित्र भिंतीवर लागलं होतं. चष्मा पुसून ते जवळ गेले आणि मोठ्यानं हसले.

"जावईबापू, लई भारी! आत्ता उठून एकमेकांच्या झिंज्या धरत्याल बघा. हे मला द्या, मी माकणीला नेतो."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला बरं वाटलं. पण लेकरं आडवी आली. चित्र द्यायचं नाही, म्हणून दोघांचं कधी नव्हे ते एकमत झालं. सासऱ्यांनी हात जोडले.

त्यांना एसटीत बसवून मी घरी येताच पोरगं बहिणीचा झगा घालून माझ्यासमोर उभं राहिलं.

"आता म्या गोंधळी. नवं चित्र काढा."

"आन वासुदेव मी," लेक म्हणाली. "पुढं मीच बसणार."

"पुढं मी!"

मी चप्पल पायात घातली आणि बाहेर पडलो.