पोट भरलेलं शेवाळ

लग्न होऊन मी खामगावहून जळगाव जामोदला आले, तेव्हा मामाजी, म्हणजे माझे सासरे, लिंबाच्या गुट्या बांधत होते. फांदीची साल गोल काढायची, तिथं ओलं मॉस लावायचं, वरून प्लास्टिक गुंडाळायचं, की मुळं फुटतात. मॉस म्हणजे कुठल्यातरी थंड दलदलीत वाढलेलं आणि वाळवून पिशवीत भरलेलं शेवाळ. तळाशी उरलेलं मूठभर मी बशीत भिजवून माठाच्या आडोशाला ठेवलं. काही आठवड्यांनी त्यातून दोन हिरवे शेंडे वर आले. नव्या घरात माझी अशी तेवढीच एक गोष्ट होती! दिवसातून दहादा मी ती बघायला जायची.

एका सकाळी बघते तर बशीत चिकट तवंग आणि शेंडे तपकिरी. मामाजी मागून म्हणाले, "म्या चिमूटभर युरिया टाकला होता. लय उपाशी दिसे बिचारं."

आमच्याकडे पान पिवळं दिसलं की हात आपोआप युरियाच्या पोत्याकडे जातो. मी आतून फणफणले. पण नवी सून सासऱ्यांना काय बोलणार? तरी बोललेच.

"मामाजी, याले मुळंच नाहीत. पावसाच्या थेंबातून येते तेवढं नत्र हे पानांनीच पिऊन घेते. थोडं याच्यातले जिवाणू हवेतून धरून देतात. युरियानं ते जास्त झालं की मरते."

मामाजींनी बशी उचलून जवळून पाहिली.

"म्हणजे म्याच मारलं काय?" एवढंच म्हणून ते बाहेर गेले.

दुपारी पावसाची सर आली, तर हा साठीचा माणूस अंगणात घमेलं धरून उभा! पत्र्यावरचं नको, थेट आभाळातलंच पाणी हवं म्हणे. त्या पाण्यानं आम्ही दोघांनी बशी धुतली. पंधरा दिवस हेच चाललं. मग एक शेंडा पुन्हा हिरवा झाला आणि मामाजींनी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून तो दाखवला. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी नेहमीसारखी तिसरी भाकर माझ्या ताटाकडे आणली. लग्नापासून मी ती मुकाट्यानं गिळत होते, नाही म्हणायची हिंमतच नव्हती. मामाजींनी हात आडवा धरला.

"थांब. पोट भरलं काय, ते इचार पहिले तिले."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "भरलं काय वं?"

"हाव, भरलं," मी म्हणाले.