पेरलेली नगरी

झाडमाणसांची नगरी मी झाडं तोडून बांधली होती, एवढी तेव्हा माझी अक्कल! पालमच्या शाळेत नवीनच लागले होते आणि स्वतःला मोठी कलावंत समजत होते. नवरात्रातल्या नाटकासाठी मी पानांचे केस, मुळांचे पाय असलेले लोक रचले आणि त्यांचा महाल कडुलिंबाच्या फांद्या तोडून उभा केला. सगळा वर्ग कडू वासानं भरला. राणी होणारी मुलगी दारातच थांबली. "बाई, हे तर आमच्याच लोकांचे हातपाय तोडून बांधलंय. मी न्हाई जायची आत." मी डाफरले, ती हलेना. हेडमास्तर म्हणाले, आठ दिवसांत जमलं नाही तर नाटक रद्द. माझे डोळेच भरले. शाळा झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "रडायलाव काय बाई? घटाला पेरतो तसं पेरा की." मग आम्ही टोपल्या एकीवर एक पालथ्या रचल्या, त्यांना ओलं पोतं गुंडाळलं, काळी माती लिंपून गहू दाबले. मावशी रोज पाणी शिंपडत. नाटकाच्या दिवशी हिरवे मनोरे लवलवत होते आणि राणी ऐटीत आत शिरली. टाळ्या मात्र मी घेतल्या. आता नातू कॉम्प्युटरच्या खेळातलं झाडमाणसांचं शहर दाखवतो, तेव्हा मी मनातल्या मनात मावशींना हात जोडते. तेव्हाही पडदा पडल्यावर मी त्यांचे आभार मानायला गेले, तर त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या बाई. नाटक झालं, पर उद्यापासून ह्याला पानी कोन घालनार, ते सांगा."