बाबांचा बिनदुधाचा चहा

बाबांचा कर्करोग यकृतापर्यंत पोचलाय हे कळलं, तेव्हा मी हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंग करत होते. आता करण्यासारखं फारसं नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला ते मानवेना. जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेटवर वाचत बसू लागले. हिरव्या चहात अँटिऑक्सिडंट भरपूर असतात, कोवळ्या कळ्यांच्या पांढऱ्या चहात त्याहून जास्त, असं कुणी लिहिलेलं. दुधानं गुण जातो, असं आणखी कुणी. शनिवारी मी ग्रीन टीचं पाकीट घेऊन शनिवार पेठेत आईबाबांच्या घरी गेले.

बाबा शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"यात अँटिऑक्सिडंट असतात," मी म्हटलं.

"पान तेच असतं. तोडल्यावर लगेच वाफवलं की हिरवं राहतं, मळून हवेत ठेवलं की काळं पडतं. काळ्यातही असतात, वेगळी. प्रयोग कुणावर झालेत? उंदरांवर?"

"माणसांवरही झालेत, बाबा."

"माझ्याएवढ्या आजारी?"

त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला.

मग रोज तीन कप. पाणी उकळू द्यायचं नाही, पानं तीनच मिनिटं ठेवायची, हे मी आईला लिहून दिलं होतं. ऑफिसातून फोन केला की बाबा म्हणायचे, "घेतला." मला तेवढ्यानं बरं वाटायचं.

एका संध्याकाळी मी न कळवताच घरी गेले. मोरीतून ओकाऱ्यांचा आवाज येत होता. आई त्यांची पाठ धरून उभी होती.

"रोजच होतं," ती हळूच म्हणाली. "रिकाम्या पोटी तो कडू चहा सोसत नाही त्यांना. तुला सांगायचं नाही म्हणाले."

बाबा तोंड पुसत बाहेर आले.

"मग घेत का राहिलात?"

"एवढ्या लांबून पाकीट घेऊन येतेस. तुला काहीतरी करायचं होतं ना?"

रागावावं की माफी मागावी, मला कळेना. मी त्यांना धरून पलंगापर्यंत नेलं. हाताला हाडं लागत होती.

चहा बंद केला. उलट्या जरा कमी झाल्या, वजन मात्र उतरतच राहिलं. मी सुट्टीत वाचत राहिले, पण घरी काही नेलं नाही. दीड महिन्यानं, भर दुपारी, ते गेले. तेव्हा मी त्यांचे पाय चोळत होते. ते गार पडत चालले होते, आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.